संकेतस्थळाची उभारणी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळी कल्याणजवळ सैन्याची छावणी होती. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथील बराकींत आसरा मिळाला. १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव लाभले. कॅम्प ४ हा तिचाच एक भाग होय. तेथे अजूनही पत्त्यात कॅम्पचा आणि पुष्कळदा बराकीचा क्रमांक असतो. क्रमांक चुकला, की पाहुणा भलत्याच दारी जातो.

संकेतस्थळाचेही असेच आहे. तेथील एखाद्या दुकानदाराला आपल्या मालाची माहिती जगापुढे मांडावयाची आहे, असे समजा. प्रथम तो संगणकावर एक नवे फोल्डर करतो. मग सॉफ्टवेअरच्या साहाय्याने पानांवर मजकूर लिहितो व चित्रे बसवितो. त्यामागील एचटीएमएल भाषेची मांडणी सॉफ्टवेअरच करते. पहिल्या पानास बहुधा 'इंडेक्स' हे नाव देतात. सर्व्हर तेच पान प्रथम दाखवितो. एका पानावरून दुसऱ्यावर नेतात ते दुवे. शेवटी सारे फोल्डर सर्व्हरवर चढवितात.

परंतु एखादे चित्र फोल्डरबाहेर राहिले, तर? पानात त्याचा पत्ता दुकानदाराच्या संगणकातलाच राहतो. त्याला ते चित्र नीट दिसते. दूरच्या ग्राहकाला मात्र रिकामी चौकट दिसते! म्हणून तयार झालेले संकेतस्थळ दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहावे. आपले घर आपल्याला सापडतेच. परक्याला सापडले, तरच पत्ता खरा.