घर बांधण्याआधी घरातली कामे मोजा

वेरूळच्या 5 क्रमांकाच्या लेण्यात जरा थांबून पाहा. मध्ये लांब दालन, त्यात दगडी बाकांच्या दोन ओळी आणि कडेने भिक्षूंच्या लहान खोल्या. एकत्र बसायचे, वेगळे निजायचे, हे आधी ठरले. मग छिन्नी चालली.

मराठवाड्यातले आपले जुने माळवदाचे घरही असेच कामातून घडले. ओसरीवर बियाणे निवडायचे, तिथेच सोयरेधायरे बसायचे. बळदात धान्य राही, म्हणून सुगीच्या पडत्या भावात सारा माल विकावा लागत नसे. गोठा जवळ, म्हणून व्यायला झालेल्या गाईवर रात्री नजर राही.

पण दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा भार! 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशीच घरे काळ ठरली. पुनर्वसनात जमीनधारणेनुसार 250, 450 आणि 750 चौरस फुटांची घरे मिळाली. घरे मजबूत, पण गुरे कुठे बांधावीत? कडबा कुठे रचावा? अनेकांना पुढे पत्र्याचे आडोसे उभारावे लागले. रस्ते रुंद झाले, शेजार मात्र लांबला.

आज प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला स्वयंपाकाच्या जागेसह किमान 25 चौरस मीटर जागा धरली आहे. तेव्हा मिस्त्रीला बोलावण्याआधी घरधनिणीला विचारा. दाराखिडक्यांच्या वरून सळई-काँक्रीटचा पट्टा सलग फिरवा. धान्याची कोठी ओलीपासून उंच ठेवा. गोठा चुलीपासून दूर, पण नजरेत असू द्या. दारी ओटा ठेवाच. आणि घराच्या नोंदीत, ते घर जी चालवते, तिचे नाव लावायला विसरू नका.