इंजिन हलतं, बॉडी हलत नाही
बॉनेटखाली : लेखांक आठवा

पैठणला नाथषष्ठीच्या यात्रेत गाड्यांची खरी परीक्षा होते. फाल्गुन वद्य षष्ठी म्हणजे बहुधा मार्च महिना. ऊन तापायला लागलेलं असतं, गाड्यांची रांग पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी सरकते, आत एसी चालू असतो आणि समोरून वारा लागत नाही. रेडिएटरचा पंखा थांबायचं नाव घेत नाही. अशा वेळी कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाडीत वाकून पाहिलं, तर इंजिन बऱ्याचदा ठणठणीत असतं. फुटलेला असतो एखादा काहीशे रुपयांचा होज पाइप, नाहीतर सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला टेकून वितळलेली असते एखादी वायर.

गेल्या आठवड्यात आपण कूलंट पाहिलं. आज ते वाहून नेणारे पाइप आणि त्यांच्या शेजारून जाणारं वायरिंग हाती घेऊ. बॉनेटखालची आवराआवर म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे घासूनपुसून चकाचक केलेलं इंजिन येतं. पॉलिशची मला काही घाई नाही. मला एवढंच सांगायचं आहे, की इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेलं असतं म्हणून ते हलतं, आणि बॉडी जागची हलत नाही. या दोघांमधून जाणाऱ्या प्रत्येक पाइपाला आणि प्रत्येक वायरीला ही हालचाल रोज हजारो वेळा सोसावी लागते. आज सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीतून निघतं.

इंजिन कोणत्या दिशेनं हलतं, हेही गाडीनुसार बदलतं. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन लांबीत बसवलेलं असतं. अॅक्सिलरेटर दाबला की ते डावी-उजवीकडे कलतं, त्यामुळे घासाघाशी बाजूच्या पत्र्याजवळ होते. मारुतीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसतं आणि क्लच सोडताना पुढे-मागे झुकतं. तिथे ताण येतो रेडिएटरच्या पाइपांवर आणि केबिनच्या भिंतीकडे जाणाऱ्या वायरींवर. प्रत्यक्ष पाहायचं असेल तर गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा आणि कुणाला तरी अॅक्सिलरेटरला झटका द्यायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहा, हात आत घालू नका, नुसतं बघा. कोणता पाइप ताणला जातो, कोणती वायर कुठे टेकते, हे त्या क्षणी दिसतं. माउंटिंग फाटलेलं असेल तर इंजिन उडीच मारतं. मग आधी माउंटिंग बदला, कारण त्याशिवाय बाकीची आवराआवर टिकायची नाही.

कामाला लागायच्या आधी इंजिन पूर्ण गार होऊ द्या. चालू गाडीत कूलंट ऐंशी-नव्वद अंशांच्या पुढे असतं आणि रेडिएटरच्या झाकणामुळे त्यावर साधारण एक बार दाब असतो. त्या स्थितीत क्लिप सैल केली तर उकळतं पाणी सरळ अंगावर येतं. हातातली अंगठी आणि धातूचं कडं काढून ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वांत आधी काढायची आणि सर्वांत शेवटी जोडायची. पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला, तर निगेटिव्ह आधीच सुटलेली असल्यामुळे ठिणगी पडत नाही. मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. नंतर ‘हा पाइप कशाखालून जात होता?’ असा प्रश्न हमखास पडतो.

आता पाइप. रेडिएटरचे वरचा आणि खालचा असे दोन जाड पाइप सगळ्यांना ओळखू येतात. केबिनच्या भिंतीत शिरणारे दोन मध्यम पाइप हीटरचे. रिझर्व्ह बाटलीकडे जातो तो बारीक पाइप. ब्रेक बूस्टरकडे जाणाऱ्या पाइपात एकाच दिशेनं हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो. तो उलटा बसला तर ब्रेक दगडासारखा कडक होतो. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागे असतो, आणि त्याला ऑइलचे पाइप जोडलेले असतात. ते पाझरायला लागले की ऑइल खालच्या रबरावर ठिबकतं. हे ठिबकणं साधं समजू नका. पाण्याचे होज ज्या रबराचे असतात, ते उष्णता आणि कूलंट वर्षानुवर्षं सोसतं, पण ऑइल लागलं की फुगतं आणि मऊ पडतं. म्हणून पाइप बदलण्याआधी गळती बंद करायची.

पाइप जुना झालाय की नाही, हे बोटांनी कळतं. गार असताना मधोमध दाबा, मग क्लिपजवळच्या टोकाला दाबा. चांगला पाइप दाबल्यावर लगेच मूळ आकारात येतो. कडक होऊन कुरकुर आवाज करत असेल तर तो उष्णतेनं सुकलाय, आणि पिलपिलीत लागत असेल तर ऑइलनं खाल्लाय. टोकं जास्त लक्ष देऊन तपासा. कूलंट जुनं झालं की पाइपाला आतून बारीक लांब चिरा पडतात, आणि त्याची सुरुवात बहुधा टोकांजवळ होते. बाहेरून पाइप नवाकोरा दिसतो आणि एके दिवशी फाटतो. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायची आपल्याकडची सवय याला हातभार लावते. त्या पाण्यातले क्षार धातूच्या नळीवर पापुद्रे धरतात, त्यावर रबर नीट बसत नाही आणि क्लिप कितीही आवळली तरी थेंब येतच राहतो.

चिकटलेला पाइप ओढून काढू नका. आधी क्लिप मागे सरकवा, मग पाइप हातानं पिळून फिरवा. फिरला की निघतो. नाहीच निघाला आणि बदलायचाच असेल, तर टोकाला लांबीत ब्लेडनं चीर द्या आणि संत्र्याच्या सालीसारखा सोला. ब्लेड खालच्या अॅल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळीवर रुतू देऊ नका, कारण तिथला एक ओरखडा पुढे कायमची गळती होऊन बसतो. नळीवरचे पापुद्रे बारीक पॉलिश पेपरनं काढा. नवा पाइप चढवताना ग्रीस किंवा ऑइल लावायचं नाही, कूलंटचाच हात पुरतो. नळीच्या टोकाला उंचवट्याची कडी असते. क्लिप त्या कडीच्या पलीकडे, म्हणजे नळीच्या बुडाकडे बसली पाहिजे. कडीवर किंवा तिच्या अलीकडे बसवलेली क्लिप पाइपाला धरून ठेवत नाही. स्क्रूची क्लिप आवळताना रबर क्लिपच्या फटींतून वर यायला लागलं की थांबा, त्यापुढे पाइप कापला जातो. कंपनीनं स्प्रिंगची क्लिप दिली असेल तर तीच परत वापरा. इंजिन गरम-गार होताना नळी फुगते-आकसते, त्याच्याबरोबर ती क्लिपही घेर बदलते.

पेट्रोलच्या पाइपांचं वेगळं सांगायला हवं, कारण पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ पासून बनणाऱ्या गाड्यांचे रबरी भाग हे गृहीत धरून तयार होतात. त्याआधीच्या, विशेषतः कार्बोरेटरच्या काळातल्या गाड्यांचं रबर इथेनॉलनं फुगू शकतं किंवा भेगाळतं. अशी गाडी असेल तर पेट्रोलचा प्रत्येक रबरी तुकडा तपासा आणि इथेनॉल चालणाराच पाइप मागून घ्या. पाण्याचा होज दिसायला सारखा असला तरी तिथे लावायचा नाही. पेट्रोलच्या पाइपाखालून वायर नेऊ नका. गळलं तर थेंब वायरीवर पडू नये, म्हणून वायर वर आणि इंधन खाली. सीएनजी किट नंतर बसवलेलं असेल, तर रिड्यूसर गरम ठेवण्यासाठी हीटरच्या पाइपाला टी मारून पाणी घेतलेलं असतं. तिथे क्लिपा वाढतात, म्हणजे गळायच्या जागाही वाढतात. गॅसच्या नळीला मात्र आपण हात लावायचा नाही. तिच्यात दोनशे बारपर्यंत दाब असतो, ते काम अधिकृत केंद्राचं.

वायरिंगकडे वळू. कारखान्यातून निघालेला वायरिंगचा संच ही अजूनही बरीचशी हातानं बनणारी वस्तू आहे. मोठ्या फळीवर खुंट्या मारलेल्या असतात, त्यांवरून एकेक वायर ओढत कामगार सगळा संच बांधतात. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा तिथले असे कारखाने थांबले आणि जर्मनीतल्या मोठमोठ्या कंपन्यांना गाड्यांचं उत्पादन रोखावं लागलं. एवढ्या विचारानं बांधलेल्या संचाला आपल्याकडे मधेच ब्लेडनं सोलून हॉर्नची, फॉगलॅम्पची, ट्रॅकरची वायर पिळून जोडली जाते आणि वर काळी टेप गुंडाळली जाते. याचा मला मनापासून राग येतो. उन्हाळ्यात टेपचा चिकटा वितळतो, टेप सुटते आणि उघडं तांबं धूळ-ओलाव्यात हिरवं पडतं.

हेडलाइटचं उदाहरण घ्या, कारण ग्रामीण भागात रात्रीच्या प्रवासासाठी लोक सर्रास मोठे बल्ब टाकतात. मूळ बल्ब ६० वॅटचा. १२ व्होल्टवर तो ५ अँपिअर घेतो, दोन्ही मिळून १०. त्या जागी १०० वॅटचे टाकले की दोन्ही मिळून १६ च्या वर जातात. वायरीत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच वायरीत आता जवळपास पावणेतीन पट उष्णता. कपलर पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, मग वितळतो. मूळ ताकदीचेच बल्ब ठेवून उजेड वाढवायचा सरळ मार्ग रिलेचा आहे. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज, तिथून जाड वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला, ८७ वरून बल्बला. जुनी स्विचची वायर फक्त ८६ ला आणि ८५ अर्थला. बल्बकडे पूर्ण व्होल्टेज पोचतं आणि स्विचवरचा भार उतरतो. फ्यूज बॅटरीजवळच हवा. तो दिव्याजवळ बसवला तर मधल्या वायरीला काहीच संरक्षण राहत नाही.

जोड कसा असावा? पिळलेला नको. डाग दिलेला जोड टेबलावर उत्तम, पण इंजिनाजवळ कथील वायरीच्या तारांत वर शोषलं जातं आणि जिथे ते संपतं, तिथे थरथरीनं वायर तुटते. बारीक तारांची वायर, मापाचं थिंबल, योग्य पक्कडीनं केलेलं क्रिंप आणि वर गरम करून आकसणारी नळी, हा जोड टिकतो. क्रिंप झाल्यावर वायर जोरानं ओढून पाहा. हाताला निघाली तर ती पुढे रस्त्यातही निघालीच असती.

अर्थची पट्टी, म्हणजे इंजिनापासून बॉडीला जाणारी जाड वायर, ही सर्वांत दुर्लक्षित. स्टार्टर दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो आणि तो सगळा प्रवाह याच वाटेनं परत येतो. पट्टी गंजली की तो दुसरी वाट शोधतो. कधी अॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो आणि ती केबल तापून चिकटते. दोन्ही टोकं सोडवा, पत्र्यावरचा रंग आणि गंज घासून चकाकता धातू काढा, आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी नाही, नंतर.

आता बांधणी. वायरीला खोबणीदार फ्लेक्सिबल पाइप चढवा आणि इंजिन व बॉडीच्या मधल्या टप्प्यात थोडी ढील ठेवा. एक टोक इंजिनाला आणि दुसरं बॉडीला बांधलं असेल, तर मधला भाग सैल झोका घेईल असाच असला पाहिजे. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट हवंच, धारदार कडा काही महिन्यांत इन्शुलेशन खाते. साधे नायलॉनचे टाय ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपर्यंतच भरवशाचे. मराठवाड्याच्या मे महिन्यात बाहेरच चाळिशी ओलांडलेली असते आणि गाडी बंद केल्यावर तर बॉनेटखालची उष्णता आणखी वाढते. म्हणून उष्णता सोसणारे काळे टाय घ्या आणि मॅनिफोल्डपासून चार बोटं तरी अंतर ठेवा. टायचं शेपूट सपाट कापा, तिरकं कापलं तर पुढच्या मिस्त्रीचं मनगट फाटतं. स्पार्क प्लगच्या वायरी आणि सेन्सरच्या वायरी एकाच गठ्ठ्यात बांधू नका. पिवळे कपलर एअरबॅगचे, जाड नारिंगी केबल हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांची. दोन्हींना शिवायचं नाही.

आपल्या तालुक्यात उंदरांचा उल्लेख टाळून चालणार नाही. जायकवाडीच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, पाचोडकडे मोसंबीच्या बागा झाल्या. उसाचा फड तुटला की त्यातले उंदीर वस्तीकडे वळतात आणि रात्री गरम इंजिनाची ऊब धरतात. त्यांचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून काहीतरी कुरतडणं त्यांना भागच असतं. तोडणीच्या दिवसांत गाडी एकाच जागी चार-चार दिवस उभी ठेवू नका, बॉनेट रोज उघडून बघा. एअर फिल्टरच्या डब्यात धान्याची टरफलं किंवा कापूस सापडला, तर कुठेतरी वायर कुरतडलेली असणार असं धरून शोधा. खालच्या मोठ्या फटींना बारीक लोखंडी जाळी लावता येते, फक्त रेडिएटरची हवा आणि फिरणारा बेल्ट अडणार नाही एवढं बघा.

सगळं जोडून झालं की कूलंट भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करा आणि अडकलेली हवा निघू द्या. पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत थांबा. मग बिडकीनपर्यंत फेरी मारून या. परत आल्यावर इंजिन पूर्ण गार होऊ द्या आणि स्क्रूच्या क्लिपा पुन्हा तपासा. नवं रबर पहिल्या तापण्यात बसतं, त्यामुळे पाव आटा तरी आवळावा लागतो. खाली पुठ्ठा टाकून रात्रभर गाडी उभी करा. सकाळी पुठ्ठ्यावर डाग असेल तर रंग बघा. हिरवा किंवा गुलाबी असेल तर कूलंट, काळा-तपकिरी असेल तर ऑइल, आणि नुसतं पाणी असेल तर बहुधा एसीचं.

पुढच्या लेखात फॅन बेल्ट आणि त्याचा ताण.