पेणच्या जमिनीवरचे परके नकाशे

मुंबई-गोवा महामार्गावरची पेणजवळची रामवाडी प्रवाशांना ठाऊक आहे ती एसटीमुळे. पण या परिसराच्या जमिनीचे काय व्हावे, हे गेली पन्नास वर्षे मुंबईची गरज पाहून ठरत आले.

1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आला आणि पाठोपाठ मुंबई महानगराची पहिली प्रादेशिक योजना 1973 मध्ये मंजूर झाली. खाडीपलीकडे नवी मुंबई वसवायची, हा तिचा गाभा. पेणकडे भातशेती आणि खारजमीन राहिली. 1986 मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत पोहोचली. दुसरी योजना 1999 मध्ये मंजूर झाली. तोवर जमिनीचे दलाल नकाशे वाचायला शिकले होते.

खरी कसोटी लागली ती विशेष आर्थिक क्षेत्राच्या, म्हणजे सेझच्या वेळी. पनवेल, उरण आणि पेण तालुक्यांतल्या 45 गावांची जमीन महामुंबई सेझसाठी मागण्यात आली. त्यातली 22 गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली. म्हणजे ज्या शेतांना पाणी द्यायचे सरकारनेच ठरवले, तीच शेते सेझ उभारणाऱ्या कंपनीला द्यायची! एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि 21 सप्टेंबर 2008 रोजी या 22 गावांत जमीन द्यायची की नाही यावर शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला. विरोध प्रचंड होता. पुढे मुदती टळल्या आणि संपादन बारगळले. शेतकऱ्याला थेट विचारण्याची ही वेळ आंदोलनाने आणली, नियोजनाने नव्हे. हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत बोलके वाटते. हेटवण्याचे पाणी मात्र नवी मुंबईच्या नळांना जातच राहिले.

त्यानंतर नकाशांची दाटीच झाली. 2013 मध्ये नवी मुंबई विमानतळाभोवतीचे नैना क्षेत्र जाहीर झाले. 2019 मध्ये महानगर प्रदेशाची हद्द वाढून उरलेला पेण तालुकाही आत आला. 2021 मध्ये तिसरी प्रादेशिक योजना मंजूर झाली. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला आणि त्याच वर्षी उरण, पनवेल, पेणमधल्या 124 गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला (एमएमआरडीए) नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमले गेले. लोक त्याला ‘तिसरी मुंबई’ म्हणतात. विरार-अलिबाग मार्गिकेची आखणीही पेणमधल्या बलवलीपर्यंत येते.

योजना आधी आणि प्रकल्प नंतर, हा क्रम इथे क्वचितच पाळला गेला. तेव्हा पुढचा आराखडा हरकतींसाठी खुला होईल त्या दिवशी सातबारा घेऊन बसा, आपला गट नकाशावर कोणत्या रंगात पडला आहे ते शोधा आणि हरकत मुदतीत, लेखी द्या.