नवे यंत्र आणि जुना गुण्या

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकात कविता लिहावी, फार तर एखादे प्रवासवर्णन लिहावे, असा एक रिवाज आहे. मी मात्र एका यंत्रावर लिहिणार आहे. आमचे घराणे सुतारांचे. महाविद्यालयाची पायरी चढणारा घरातला मी पहिलाच. इतिहासाच्या तासाला औद्योगिक क्रांती शिकताना 'यंत्र आले आणि कारागीर गेला' असे वाक्य आपण सर्वांनी वहीत उतरवून घेतले आहे. पण यंत्र कारागिराच्याच घरी आले, तर काय होते? गेले वर्षभर मी ते आमच्या पडवीत पाहतो आहे. त्याची हकीगत वाचकांना, विशेषतः ज्यांनी हातात कधी पटाशी धरली नाही अशा वाचकांना, सांगावी असे वाटले.

हे यंत्र म्हणजे बँडसॉ. मराठीत त्याला पट्टा-करवत म्हणता येईल. एकावर एक अशी दोन चाके, त्यांवर ताणून बसवलेली पोलादाची सलग दातेरी पट्टी आणि मध्ये लाकूड ठेवायला बिडाचे टेबल, इतकाच त्याचा संसार. खालचे चाक मोटरवर फिरते, वरचे चाक पट्टीला ताण देते. पट्टी टेबलातून सतत खाली जात असते. त्यामुळे लाकूड टेबलावर दाबले जाते, गोल करवतीसारखे अंगावर उसळत नाही. विल्यम न्यूबेरी या इंग्रजाने या यंत्राचे पेटंट १८०८ च्या सुमारास घेतले; पण पट्टीची दोन टोके जोडलेला सांधा वळणावर टिकेना, म्हणून कल्पना कागदावरच राहिली. १८४६ मध्ये ॲन पॉलिन क्रेपँ या फ्रेंच बाईंनी तो सांधा पक्का करण्याची रीत काढली, तेव्हा कुठे यंत्र खऱ्या अर्थाने चालू लागले. एका सांध्यासाठी जगाला अडतीस वर्षे थांबावे लागले, हे सुताराच्या मुलाला नवल वाटण्यासारखे नाही. आमच्या धंद्यात सांधाच सर्वस्व असतो.

आमच्याकडे देव्हारे, पाट आणि पोळपाट होतात. देव्हाऱ्याची महिरप हे खरे कसबाचे काम. ती बाबा आजवर बारीक करवतीने हातानेच कापत. तीस वर्षांच्या करवतीने त्यांचा उजवा खांदा धरला, रात्री झोप येईना. शेवटी आईने बचत गटातून कर्ज काढले आणि १४ इंची चाकांचा, एक अश्वशक्तीच्या मोटरचा बँडसॉ घरी आला. (आम्ही वखारीतून चिरलेले लाकूड आणतो. ओंडके चिरण्याच्या धंद्याला वनखात्याचा परवाना लागतो. तेव्हा घरी असे यंत्र आणणाऱ्याने आधी वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करावी.)

यंत्र आणले, की बटण दाबले आणि काम सुरू, अशी माझी समजूत होती. बाबांनी ते आल्या दिवशी चालूच केले नाही. म्हणाले, "मशीन हाडला म्हणान काम जाता काय? आधी त्येका वळण लावूक व्हया." आणि त्यांनी भिंतीवरचा जुना गुण्या काढला. टेबलावर गुण्या उभा केला, तर पाते आणि टेबल यांच्यात काटकोन नव्हता. फरक अवघा एका अंशाचा. पण सहा इंच जाडीच्या लाकडात एक अंश म्हणजे वरच्या आणि खालच्या कडेत अडीच मिलिमीटरहून अधिक फरक, आणि तेवढ्या फरकात देव्हाऱ्याचा खांब डोळ्यांना वाकडा दिसतो. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आपण दुसऱ्याला हसण्यासाठी वापरतो. इथे अंगण खरोखरच वाकडे होते!

मग आठ दिवस संध्याकाळी आमचे काम चाले. माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. ती मी वाचून सांगायची आणि बाबांनी हाताने पडताळून पाहायची, अशी वाटणी. त्यातून एक गोष्ट कळली. या यंत्राच्या जुळवणीला ठरलेला क्रम आहे आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. क्रम मोडला, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून.

सर्वांत आधी बैठक. शेणाने सारवलेल्या पडवीत यंत्र डुगडुगेल, म्हणून तेवढ्यापुरता काँक्रीटचा ओटा केला, पाणसळ लावून तो सपाट केला आणि यंत्र बोल्टने आवळले. दुसरी गोष्ट चाकांची. पाते ताणल्यावर दोन्ही चाकांच्या कडा एकाच सरळ पट्टीला टेकल्या पाहिजेत. आमचे वरचे चाक दोन मिलिमीटर मागे होते. त्याच्या मागे वायसर घालून ते पुढे आणले. तिसरी गोष्ट पात्याची वाट. चाकावर रबराची धाव असते आणि ती मध्यावर किंचित फुगीर असते. फुगीर चाकावरचा ताणलेला पट्टा आपोआप उंचवट्याकडे सरकतो. पिठाच्या गिरणीचा पट्टा पुलीवरून घसरत नाही, त्याचे कारणही हेच. वरचे चाक किंचित कलते करून पाते मध्यावर आणायचे. हे करताना प्लग काढलेला असावा आणि चाक हातानेच फिरवावे.

ताण किती द्यावा, याचा आकडा यंत्रावर लिहिलेला असतो. बाबा त्यावर विसंबत नाहीत. ते पात्याला बोटाने बाजूने दाबतात. सहा इंच मोकळ्या पात्याने पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त दबू नये. मग टेबल काटकोनात आणून त्याचा अडसर पक्का करायचा. त्यानंतर पात्याला दोन्ही बाजूंनी सांभाळणारे ठोकळे. ते आणि पाते यांच्यामध्ये वहीच्या कागदाएवढी फट हवी, आणि ठोकळे दात्यांच्या मागे हवेत. नाहीतर दात्यांची धारच जाते. पात्याच्या पाठीमागचे बेअरिंग मोकळ्या फिरण्यात पात्याला लागू नये; लाकूड रेटल्यावरच ते फिरावे.

एवढे करूनही प्रत्येक पाते थोडी ओढ घेते, डावीकडे किंवा उजवीकडे. त्यावरही युक्ती आहे. फळीच्या कडेला समांतर रेघ मारायची आणि आधाराशिवाय, हाताने सांभाळत रेघेवरून अर्ध्यापर्यंत कापायचे. मग यंत्र थांबवून फळी ज्या कोनात राहिली, त्या कोनाची खूण टेबलावर पेन्सिलीने करायची. कडेचा आधार त्याच कोनात बसवला, की पुढची प्रत्येक फळी सरळ चिरली जाते. पात्याशी भांडायचे नाही, त्याची वाट पाहून आपण वाट द्यायची.

पाते कोणते, हे कामावर ठरते. आमच्याकडे अजून इंचाचे आठ सूत मोजतात. दोन सुती पाते पाच सुतांच्या त्रिज्येपर्यंत वळते, म्हणून महिरपीला ते. चार सुती पात्याला अडीच इंचांची त्रिज्या लागते, म्हणून सरळ चिरण्याला ते. लाकडाच्या जाडीत एका वेळी किमान तीन दाते असावेत, एवढे लक्षात ठेवले म्हणजे दात्यांची संख्या निवडता येते.

आता यंत्रात आम्ही केलेले फेरफार. सर्वांत महत्त्वाचा फेरफार लाकडाशी नाही, विजेशी संबंधित आहे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल, याचा नेम नसतो. यंत्राला साधे बटण होते. वीज गेली, बटण चालूच राहिले, कुणी टेबलावरचा भुसा झाडायला हात घातला आणि त्याच क्षणी वीज आली तर? चाकाचा परीघ सुमारे ११२ सेंटिमीटर आणि त्याचे मिनिटाला ८०० फेरे. म्हणजे पाते सेकंदाला सुमारे १५ मीटर धावते. हात मागे घ्यायला वेळच नाही. म्हणून वायरमनकडून नो-व्होल्टचा स्टार्टर बसवून घेतला. वीज गेली, की तो आपोआप सुटतो आणि पुन्हा बटण दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. अर्थिंगही नवे केले. त्या खर्चासाठी दिवाळीचे कपडे राहिले. पण घरात कुणी कुरकुर केली नाही.

बाकीचे फेरफार घरच्या घरी झाले. पोलादी ठोकळ्यांच्या जागी बाबांनी तेलात भिजवलेले शिसवीचे ठोकळे बसवले. पाते चुकून घासले, तरी धार वाचते. टेबलाच्या भोकात पात्यापुरतीच फट ठेवून लाकडी चकती बसवली, त्यामुळे बारीक तुकडे आत अडकत नाहीत. कडेच्या बुटक्या आधाराला सहा इंच उंच प्लायवूड जोडले, म्हणजे फळी उभी चिरता येते. खालच्या चाकाला घासेल असा जुना टूथब्रश बसवला. फणसाचा चिकट भुसा रबरावर साचला, की पाते उड्या मारू लागते. तो आता साचत नाही. कोकणच्या हवेत बिडाला दोन दिवसांत गंज धरतो, म्हणून टेबलावर मेणबत्ती घासतो. तेल लावले, तर लाकडाला डाग पडतात. आणि काम संपले, की पात्याचा ताण सैल करून स्टार्टरवर 'ताण सैल आहे' अशी पाटी अडकवतो. ही पाटी लिहिण्याचे काम माझे!

सावधगिरीचे नियम थोडेच, पण त्यांत सूट नाही. वरचा ठोकळा लाकडापासून अर्ध्या बोटापेक्षा उंच ठेवू नये. हातमोजे घालू नयेत. ओढणी, लोंबती बाही जवळ नको. शेवटचा तुकडा हाताने न रेटता काठीने रेटावा. गोल लाकूड खाच पाडलेल्या ठोकळ्यात बसवल्याशिवाय कापू नये, कारण ते गरकन फिरते. नाकाला चांगला मास्क हवाच. लाकडाचा बारीक भुसा कर्करोगाला कारण होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केले आहे. आमच्या आजोबांच्या पिढीला हे कुणी सांगितले नव्हते.

आज महिरप यंत्रावर कापली जाते. तिच्यावरून शेवटचा हात मात्र पटाशीचा आणि कानशीचाच फिरतो. बाबांचा खांदा पूर्ण बरा झालेला नाही; पण ते रात्री झोपतात. माझ्या मनात राहिले ते एवढेच, की कारखान्यातून आलेले यंत्र सरळ नव्हते. ते सरळ झाले ते पाणसळीने, गुण्याने आणि बोटांच्या अंदाजाने, म्हणजे यंत्रामुळे जुनी ठरली असे आपण समजतो त्याच गोष्टींनी. पुस्तिका वाचता आली नसती, तर काही गोष्टी उशिरा कळल्या असत्या. आणि बाबांचा हात नसता, तर पुस्तिका नुसतीच पाठ झाली असती.

आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी चाक आहे, माग आहे, भाता आहे, जाळे आहे. त्या कामातले बारकावे आपल्या आईवडिलांच्या हातांत आहेत, कागदावर नाहीत. लिहायला शिकलेले आपण पहिलेच. मग ते मराठीत लिहून ठेवायचे, ते आपण नाही तर कोणी?