व्हर्मिक्युलाइट अथवा फुलणारा दगड

अभ्रकाचा चकाकणारा तुकडा हातांत घेऊन नखानें त्याचे पापुद्रे सोडविण्याचा खेळ पुष्कळांनीं केला असेल. नख लावावें तितका पापुद्रा अधिक पातळ निघतो, आणि शेवटीं तो इतका नाजूक होतो कीं श्वासानेंही उडून जावा. या अभ्रकाचाच एक भाऊबंद असा आहे कीं त्याला उलगडण्यास नखाची गरज लागत नाहीं. तो प्रखर जाळावर धरला कीं आपण होऊन उलगडतो, आणि पाहतां पाहतां मूळच्या जाडीच्या आठ-दहा पट, क्वचित् वीस-तीस पटही वाढतो. या खनिजाचें नांव व्हर्मिक्युलाइट. अमेरिकेंतील मॅसाच्युसेट्स संस्थानांत मिलबरी या गांवीं सांपडलेल्या नमुन्यावरून टॉमस वेब यानें १८२४ सालीं त्याचें प्रथम वर्णन केलें. तापविल्यावर त्याचे कण किड्यांप्रमाणें वळवळत लांबतात, म्हणून किड्याचा अर्थ असलेल्या लॅटिन शब्दावरून हें नांव पडलें. गांडूळखताचें इंग्रजी नांवही त्याच शब्दापासून निघालेलें असल्यामुळें बागेच्या सामानाच्या दुकानांत एकाच्या ऐवजीं दुसऱ्याची पिशवी हातीं पडण्याचा संभव असतो. परंतु नांवापलीकडे या दोन वस्तूंचा एकमेकींशीं कांहींएक संबंध नाहीं.

हा दगड फुलतो कां, हें समजण्यासाठीं त्याच्या घडणीकडे पाहिलें पाहिजे. अभ्रकाच्या पानांमध्यें पोटॅशियमचे अणु असतात आणि ते वरचें पान खालच्या पानाशीं घट्ट जखडून ठेवतात. काळसर अथवा तपकिरी जातीचें अभ्रक दीर्घ काल पाण्याच्या सहवासांत राहिलें म्हणजे हें पोटॅशियम हळूहळू निघून जातें व त्याच्या जागीं बहुधा मॅग्नेशियम येऊन बसतें. तें मात्र एकटें येत नाहीं. आपल्याभोंवतीं पाण्याच्या रेणूंचा परिवार घेऊन येतें. अशा रीतीनें दगडाच्या पानापानांत पाणी कोंडलें जातें. आपल्या दख्खनच्या काळ्या मातीच्या अंगींही अशाच प्रकारचे, पण डोळ्यांस न दिसण्याइतके बारीक पापुद्रे असतात. ती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते आणि घरांच्या भिंतींस तडे पाडते, हें आपल्या शेतकऱ्यास सांगावयास नको. काळी माती पाणी आंत शिरल्यानें फुगते. व्हर्मिक्युलाइट पाणी बाहेर पडतांना फुलतें, एवढाच काय तो भेद.

आंच मात्र एकदम लागली पाहिजे. भडभुंज्याची वाळू चांगली कडक तापलेली असली तरच ज्वारीच्या दाण्यांतील पाण्याची एकाएकीं वाफ होऊन लाही फुटते. मंद विस्तवावर दाणे नुसते भाजून निघतात. व्हर्मिक्युलाइटचीही तीच तऱ्हा आहे. सावकाश तापविलें तर पाणी कडेकडेनें निसटून जातें व दगड फारसा वाढत नाहीं. म्हणून कारखान्यांत सुमारें ९०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास तापलेल्या भट्टींतून तो अवघ्या कांहीं सेकंदांत पार करितात. आंतील वाफ पानें दूर लोटते, आणि चपट्या तुकड्याचा सोनेरी-तपकिरी भाता बनून बाहेर पडतो. या भात्याच्या घड्याघड्यांत हवा भरलेली असते. एक घनमीटर पाण्याचें वजन १००० किलो, आणि तितक्याच जागेंत मावणाऱ्या फुललेल्या व्हर्मिक्युलाइटचें वजन सुमारें ६० ते १६० किलो! पोत्याकडे पाहून उचलावयास दोन माणसें बोलवावीं आणि एका मुलानेंच तें खांद्यावर टाकून न्यावें, असा हा प्रकार आहे.

भट्टींत घालण्यापूर्वीं कच्चें खनिज फोडून, वाळवून निरनिराळ्या चाळण्यांवर चाळतात व कणांच्या आकाराप्रमाणें त्याच्या प्रती पाडतात. दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागांत पालाबोरा येथें जगांतील अत्यंत मोठ्या खाणींपैकीं एक आहे. तेथील रिवाजानें व्यापारांत साधारणतः पांच प्रती चालतात: अतिसूक्ष्म, फार बारीक, बारीक, मध्यम व मोठी. मोठ्या प्रतीचे कण सुमारें ८ मिलिमीटरांपर्यंत असतात, मध्यम प्रतीचे ४, बारीक प्रतीचे २, फार बारीक प्रतीचे १, आणि अतिसूक्ष्म प्रतीचे त्याहूनही लहान. म्हणजे पायरीगणिक आकार निम्मा होत जातो. अमेरिकेंत नांवांऐवजीं आंकडे वापरण्याची वहिवाट आहे, व तेथें आंकडा जितका मोठा तितका कण लहान. याच्या उलट समजूत करून घेणारे ग्राहक पुष्कळ. यास्तव नांव किंवा आंकडा न विचारतां मिलिमीटर विचारावेत, हें बरें. मोठा कण अधिक हवा धरतो व वजनास हलका असतो. लहान कण अधिक दाट बसतो. प्रतींचे सारे उपयोग या एका गोष्टींतून निघतात.

प्रथम इमारतीचें पाहूं. थंड देशांत छपराखालच्या माळ्यावर मोठ्या प्रतीचे कण नुसते ओतून वीतभर जाडीचा थर पसरतात. कोंडलेल्या हवेमुळें घरांतील ऊब वर निसटत नाहीं. आपल्याकडे प्रश्न उलटा, म्हणजे वरचें ऊन खालीं येऊं न देण्याचा आहे. उपाय मात्र तोच. एक भाग सिमेंटास चार ते आठ भाग मध्यम किंवा मोठ्या प्रतीचें व्हर्मिक्युलाइट मापानें मिसळून गच्चीवर थर देतां येतो. विटांच्या तुकड्यांचा कोबा घालण्याची आपली जुनी पद्धत चांगली खरी, पण त्याचा भार सगळा स्लॅबवर पडतो. व्हर्मिक्युलाइटचा थर त्या मानानें फारच हलका. मात्र त्याच्याकडून भार उचलण्याची अपेक्षा करूं नये. तो खांबांत किंवा तुळईंत वापरणें म्हणजे उशीवर जातें मांडण्यासारखें होईल. शिवाय तो पाणी पितो, म्हणून त्यावर पाणी न झिरपणारें पक्कें आवरण घालावेंच लागतें. आपल्या मोसमी पावसांत ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

याहून महत्त्वाचा उपयोग आगीपासून रक्षण करण्याचा होय. पोलाद जळत नाहीं, यास्तव पोलादी सांगाड्याच्या इमारतीस अग्नीचें भय नाहीं, असें सामान्यतः वाटतें. वस्तुस्थिति अशी कीं सुमारें ६०० अंश सेंटिग्रेडला पोलादाचें बळ निम्म्यावर येतें, आणि बंद खोलींत भडकलेली आग कांहीं मिनिटांतच हें उष्णतामान गांठूं शकते. मग तुळया वांकतात व वरचे मजले खालीं येतात. लांकडाची तुळई निदान बाहेरून कोळसा होत होत जळते व राहणारांस थोडा वेळ देते. उघडें पोलाद तेवढीही दयामाया दाखवीत नाहीं. अशा तुळयांवर बारीक प्रतीचें व्हर्मिक्युलाइट जिप्सममध्यें किंवा सिमेंटमध्यें कालवून त्याचा गिलावा यंत्रानें फवारतात. व्हर्मिक्युलाइट स्वतः जळत नाहीं. तें वितळावयास १२०० अंशांहून अधिक उष्णता लागते. गिलाव्यांतील जिप्सममध्यें जें पाणी बद्ध असतें त्याची वाफ होण्यांत बरीच उष्णता खर्च होते, आणि उरलेली कणांतील हवेंत अडते. गिलाव्याच्या जाडीप्रमाणें पोलादास एक तास, दोन तास किंवा अधिकही अवधि मिळतो. आग विझविणारांस व जिन्यानें उतरणारांस त्या अवधींतच आपापलें काम करावयाचें असतें. येथें मोठी प्रत चालत नाहीं. ती फवाऱ्याच्या नळींत अडकते व गिलावा खडबडीत होतो. याच गुणामुळें शेगड्यांच्या व भट्ट्यांच्या अस्तराच्या फळ्या बारीक प्रतींपासून दाबून करितात. अतिसूक्ष्म प्रत आगरोधक रंगांत आणि मोटारींच्या ब्रेकच्या अस्तरांत जाते.

आतां बागेकडे वळूं. फुललेला कण आपल्या घड्यांत स्वतःच्या वजनाच्या दोन-तीन पट पाणी धरून ठेवतो व मुळांना तें लागेल तसें देतो. इतकेंच असतें तर कापसानेंही काम भागलें असतें. परंतु व्हर्मिक्युलाइटच्या पानांवर ऋण विद्युत्‌भार असल्यामुळें अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांसारखे धनभारित खतांश त्यांस चिकटून राहतात. पाण्याबरोबर वाहून न जातां ते मुळांच्या वाट्यास येतात. म्हणून त्यास खतांची पेढी म्हणतां येईल, पण तें स्वतः खत नव्हे. त्यांत नत्रही नाहीं आणि स्फुरदही नाहीं. नुसत्या व्हर्मिक्युलाइटमध्यें रुजविलेलें रोप बियांतली शिदोरी संपली कीं पिवळें पडूं लागतें.

बीं पेरण्यास बारीक व मध्यम प्रती योग्य. पेटुनियासारखें धुळीइतकें बारीक बीं मातीखालीं दडपलें तर वर येत नाहीं. त्यावर बारीक प्रतीचा अगदीं पातळ थर भुरभुरला म्हणजे ओल टिकते व उजेडही कांहींसा पोंचतो. कलमांच्या काड्या लावण्यास मध्यम प्रत बरी, कारण मुळांना हवाही हवी असते. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठानें १९६० नंतरच्या दशकांत पीट नांवाचें दलदलींतील कुजकें शेवाळ व व्हर्मिक्युलाइट यांचें मातीविरहित मिश्रण प्रचारांत आणलें, आणि रोपवाटिकांची रीतच बदलली. आपल्याकडे पीटची जागा नारळाच्या काथ्याच्या भुश्यानें घेतली आहे. तीन भाग भुसा, एक भाग व्हर्मिक्युलाइट व एक भाग पर्लाइट हें मिश्रण भाजीपाल्याच्या रोपांच्या खोबणीदार ताटल्यांत भरण्याची चाल आहे. पर्लाइट म्हणजे ज्वालामुखीच्या कांचेच्या पांढऱ्या लाह्या. तें हवा खेळती ठेवतें, व्हर्मिक्युलाइट पाणी सांभाळतें. निवडुंगाच्या कुंडींत म्हणूनच पर्लाइट घालावें, दुसरें घालूं नये. व्हर्मिक्युलाइटमध्यें एक उणीवही आहे. ओल्या स्थितींत दाबलें गेलें कीं त्याच्या घड्या मिटतात व पुन्हां उघडत नाहींत. कुंडी भरतांना अंगठ्यानें ठोसून बसविणाऱ्याचे पैसे मातींत गेले, असेंच म्हणावें लागेल.

येथवर सर्व गोष्ट चाळणीची झाली. परंतु चाळणी कणाचा आकार सांगते, त्याचें कुळ सांगत नाहीं; आणि या खनिजाच्या बाबतींत कुळ विचारणें किती अगत्याचें आहे, हें जगास अमेरिकेंतील लिबी या गांवानें शिकविलें. मोंटाना संस्थानांतील या डोंगराळ गांवाजवळ १८८१ सालीं सोनें शोधणारांस व्हर्मिक्युलाइट सांपडलें. १९१९ सालीं एडवर्ड अ‍ॅली यानें त्याचा फुलण्याचा गुण ओळखून धंदा उभारला, आणि पुढें 'झोनोलाइट' या नांवानें तें माळ्यामाळ्यांवर पसरलें गेलें. १९६३ सालीं खाण डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीकडे गेली. ती १९९० सालीं बंद होईपर्यंत अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या व्हर्मिक्युलाइटचा बहुतांश भाग या एका डोंगरांतून येत होता.

त्या डोंगरांत व्हर्मिक्युलाइटच्या जोडीला अ‍ॅस्बेस्टॉसच्या जातीचे तंतुमय दगड होते. हे तंतु डोळ्यांस दिसत नाहींत, नाकास कळत नाहींत. फुप्फुसांत रुतून बसतात, आणि दहा-वीस, कधीं चाळीस वर्षांनीं श्वास कोंडणारा विकार किंवा कर्करोग उत्पन्न करितात. खाणींतील धूळ विषारी असल्याचें संस्थानच्या आरोग्य खात्याच्या तपासणींत १९५६ सालींच नमूद झालें होतें. तरीही कामगार ती धूळ कपड्यांवर घेऊन घरीं जात राहिले, व ते कपडे धुणाऱ्या बायका आणि त्यांना बिलगणारीं मुलें आजारी पडलीं. खाणीचा टाकाऊ माल फुकट मिळे, म्हणून तो बागांत पडला, खेळाच्या मैदानांजवळ साठला, आणि शाळेच्या धांवण्याच्या पट्ट्यावरही पसरला गेला. ज्या मुलांनीं त्यावर शर्यती जिंकल्या, त्यांनीं काय आंत ओढून घेतलें हें त्यांस कोणीं सांगितलें नव्हतें. १९९९ सालीं वृत्तपत्रांनीं ही हकीकत उघडकीस आणल्यावर सरकारी पर्यावरण खातें तेथें पोहोंचलें; २००९ सालीं त्या खात्यानें लिबीसाठीं सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली. तोंवर गांवानें शेंकडों माणसें गमावलीं होतीं.

सर्वच खाणींत हें विष असतें असें नाहीं, आणि लिबीची खाण बंद झाल्यापासून बाजारांतील माल बहुतांशीं इतर ठिकाणचा आहे. भारतांत तामिळनाडूंतील तिरुपत्तूरजवळ सेवत्तूर येथें हें खनिज निघतें. तथापि आमच्या मतें खरेदी करणारानें दोन प्रश्न विचारावेत: प्रत कोणती, आणि खाण कोणती? पहिल्याचें उत्तर पिशवीवर बहुधा छापलेलें असतें. दुसऱ्याचें नसेल तर विक्रेत्याकडून, अथवा ज्यानें दगड फुलविला त्या कारखान्याकडून लेखी मागावें, आणि अ‍ॅस्बेस्टॉसविषयीं तपासणी झाली आहे काय, हेंही त्यांत विचारावें. इमारतीसाठीं आणलेला माल उरला म्हणून तो बागेंत टाकूं नये. त्यास पाणी न पिण्याचें लुकण दिलेलें असूं शकतें, आणि मग कुंडींत तो निरुपयोगी ठरतो. परदेशांत राहणाऱ्या आपल्या आप्तांपैकीं कोणाच्या जुन्या घराच्या माळ्यावर असे सोनेरी-करडे कण पसरलेले असतील, तर ते झाडूं नयेत, हलवूं नयेत, तेथें सामानही ठेवूं नये. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा सल्ला असाच आहे. बागेच्या मालाविषयीं त्याच खात्यानें २००० सालीं तपासणी करून धोका अल्प असल्याचें म्हटलें, पण काळजी घेण्यासही सांगितलें. पिशवी घरांत न उघडतां मोकळ्या हवेंत उघडावी, तोंडाशींच झारीनें पाणी शिंपडून सगळा माल भिजवावा, आणि धूळ बसल्यावरच त्यांत हात घालून मिश्रण करावें.