केनियाला व्यापारासाठी जाताय? आधी ‘ईटीए’ काढा

केनियाने व्हिसा रद्द केला, ही बातमी डिसेंबर २०२३ मध्ये आली आणि आपल्याकडे ती अर्धीच पोहोचली. व्हिसा नाही म्हणजे पासपोर्ट खिशात घातला आणि विमानात बसलो, असा अनेकांनी अर्थ काढला. तसे नाही. जानेवारी २०२४ पासून व्हिशाच्या जागी इलेक्ट्रॉनिक ट्रॅव्हल ऑथरायझेशन, थोडक्यात ‘ईटीए’, ही प्रवासाची पूर्वपरवानगी आली. ती संगणकावर किंवा मोबाइलवर, घर सोडण्यापूर्वीच घ्यावी लागते. ती नसेल तर एअरलाइनवाले मुंबईतच बोर्डिंग पास देत नाहीत. तिकिटाचे पैसे बुडतात ते वेगळेच.

कोकणातल्या कित्येक घरांचे नैरोबी-मोंबासाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे. मोंबाशात कापडाची जुनी बाजारपेठ आहे, तिचे नावच बियाशारा स्ट्रीट. ‘बियाशारा’ म्हणजे स्वाहिलीत व्यापार. चार-आठ दिवसांसाठी माल दाखवायला, उधारी वसूल करायला जाणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंनी म्हणूनच हे नीट समजून घ्यावे.

अर्ज करायचा तो केनिया सरकारच्याच साइटवर. तिचा पत्ता ‘डॉट गो डॉट केई’ने संपतो. इंटरनेटवर शोधायला गेलात तर वरच दिसणाऱ्या काही साइट खासगी दलालांच्या असतात. रंगरूप सरकारी, फी मात्र दुप्पट-तिप्पट. योजना सुरू झाली तेव्हा सरकारी फी माणशी ३० डॉलर होती. पैसे भरण्यापूर्वी आकडा पाहा. फार मोठा दिसला तर आपण चुकीच्या दुकानात शिरलो आहोत असे समजावे. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का, तेही बँकेकडून आधी पाहून घ्या. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवे कार्ड फक्त देशांतर्गत व्यवहारांसाठीच चालू असते. परदेशी व्यवहार आपण सांगून सुरू करून घ्यावे लागतात.

खरी गाडी अडते ती नावावर. शेख हे आडनाव कुणाच्या पासपोर्टवर ‘एस एच ए आय के एच’, तर कुणाच्या ‘एस एच ई आय के एच’. मोहंमदाची तर अनेक रूपे. कुणाचे आडनावच कोरे. अर्जात आधार कार्डावरचे किंवा दुकानाच्या पाटीवरचे नाव लिहू नका. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी ज्या दोन ओळी असतात, तिथे आहे तेच, अक्षर न् अक्षर, लिहा. आपल्या पासपोर्टच्या नंबरात पहिले एक अक्षर आणि पुढे सातही आकडे असतात. तेव्हा पुढे कुठे ‘ओ’ टाइप झाला असेल तर तो शून्य हवा. मुलांकडून किंवा एजंटाकडून अर्ज भरून घेतलात तरी शेवटचे बटण दाबण्यापूर्वी पासपोर्ट शेजारी ठेवून स्वतः वाचा.

पासपोर्ट तिथे पोहोचल्यापासून किमान सहा महिने चालणारा हवा. फोटो, येण्याजाण्याचे तिकीट आणि हॉटेलचे बुकिंग लागते. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांचे पत्र मागवून ठेवा. व्यापारासाठी जाणाऱ्याने तिथल्या पेढीचे निमंत्रणपत्र जोडावे आणि कारणही ‘बिझनेस’ असेच लिहावे. फिरायला जातो असे लिहून बॅगेत कापडाचे नमुने सापडले तर अधिकाऱ्याच्या प्रश्नांना तोंड देणे जड जाते. ईटीएवर नोकरी किंवा मजुरी करता येत नाही. कारागिराला तिकडे कामासाठी कुणी बोलावले असेल तर त्यासाठी वेगळा परवाना लागतो. तान्ह्या मुलासाठीही अर्ज स्वतंत्रच. टांझानियाला पुढे जायचे असेल तर तिथला व्हिसा निराळा.

उत्तर यायला साधारण तीन दिवस धरा, पण आठ-दहा दिवस हाताशी ठेवलेले बरे. परवानगी ईमेलवर येते; तिची छापील प्रत जवळ ठेवा. मोबाइलची बॅटरी नेमकी काउंटरवरच संपते. आणि ईटीए असला तरी आत सोडायचे की नाही, हे विमानतळावरचा अधिकारीच ठरवतो.

पिवळ्या तापाची लस हा परतीचा प्रश्न आहे. केनियाहून येणाऱ्याकडे या लसीचे प्रमाणपत्र नसेल तर आपले सरकार त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकते. लस मान्यताप्राप्त केंद्रावर, निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी. २०१६ पासून एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते, त्यामुळे जुने पिवळे कार्ड फेकू नका.

नमुन्यांचे कापड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधू नका. ऑगस्ट २०१७ पासून केनियात त्यांना बंदी आहे आणि दंड जबर आहे. कापडी पिशव्या न्या.