कोणाकडे कोणती किल्ली?

समजा, एका शाळेत वीस कपाटे आहेत आणि तीस शिक्षक. प्रत्येक कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवला आहे. त्या कपाटाची किल्ली कोणाकोणाकडे आहे, त्यांची नावे त्यावर लिहिली आहेत. रसायनांचे कपाट कोण उघडू शकते, असे कोणी विचारले तर एक दार उघडायचे, की उत्तर मिळाले. आता एका शिक्षकांची बदली झाली. जाताना त्यांच्याकडून कोणकोणत्या किल्ल्या परत घ्यायच्या? प्रश्न पहिल्याइतकाच साधा दिसतो. पण त्यासाठी वीसही दारे उघडून पाहावी लागतात.

संगणकशास्त्रात ही अडचण बरीच जुनी आहे. बटलर लॅम्पसन या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९७१ साली तिची मांडणी एका तक्त्याने केली. माणसांच्या ओळी, वस्तूंचे रकाने आणि प्रत्येक चौकोनात त्या माणसाला त्या वस्तूचे काय करण्याची मुभा आहे त्याची नोंद. आपल्या शाळेचा तक्ता ६०० चौकोनांचा होईल आणि त्यातले बहुतेक चौकोन रिकामेच राहतील. म्हणून अख्खा तक्ता सहसा कोणी साठवून ठेवत नाही. एक तर रकान्यांप्रमाणे याद्या ठेवतात (कपाटावरचा कागद), नाही तर ओळींप्रमाणे (प्रत्येकाच्या खिशातला जुडगा). माहिती दोन्हीकडे तीच. मात्र एका मांडणीत जो प्रश्न क्षणात सुटतो, त्यासाठी दुसऱ्या मांडणीत सगळे पालथे घालावे लागते.

याचे आजचे एक उदाहरण पाहू. आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा दिसणाऱ्या मजकुरामागे संगणक-आज्ञांचे छोटे तुकडेही चालतात. किती लोक आले, कोणत्या जाहिरातीवरून आले, हे ते मोजतात. त्यांना टॅग म्हणतात. पूर्वी नवा टॅग बसवायचा म्हणजे संकेतस्थळाच्या मूळ आज्ञावलीत हात घालावा लागे. गूगलने २०१२ मध्ये ‘टॅग मॅनेजर’ ही सोय आणली. संकेतस्थळावर एक रिकामा डबा, म्हणजे कंटेनर, एकदाच बसवायचा. मग त्यात टॅग टाकणे-काढणे दुसऱ्या एका पडद्यावरून करता येते. त्या पडद्यापर्यंत कोण पोचू शकते, हे ठरवणारी यादी हा आपला विषय.

या यादीत परवानगीच्या पायऱ्या आहेत. नुसते पाहणे, बदल करणे, बदलांना मंजुरी देणे आणि प्रकाशित करणे. शेवटची पायरी सर्वांत जड. ती ज्याच्याकडे आहे त्याने घातलेल्या आज्ञा त्या स्थळावर येणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकावर चालू शकतात, आणि पान लिहिणाऱ्या प्रोग्रामरला त्याचा पत्ताही नसतो. याखेरीज सबंध खात्याचा प्रशासक वेगळा; इतरांना किल्ल्या वाटण्याचे काम त्याचे.

जाहिरातीचे काम करणाऱ्या एखाद्या संस्थेकडे अशी चाळीस खाती असू शकतात. यादी प्रत्येक खात्याची वेगळी, म्हणजे पुन्हा कपाटावरचा कागद! कर्मचारी नोकरी सोडून गेला की चाळीस पडदे उघडून पाहावेत, हे काम माणसाकडून नीट होत नाही. इथे एपीआय उपयोगी पडते. एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे ठरलेल्या भाषेत मागणी करण्याची खिडकी. आपला छोटा प्रोग्राम आधी खात्यांची यादी मागतो, मग एकेका खात्याची परवानगी-यादी. उत्तरात प्रत्येक व्यक्तीचा ईमेल पत्ता, खात्यावरचा अधिकार आणि प्रत्येक कंटेनरवरचा अधिकार येतो. सगळी उत्तरे एकत्र करून ईमेलप्रमाणे लावली की रकान्यांच्या ओळी होतात. चाळीस कागदांवरून एका माणसाचा जुडगा तयार!

इतका खटाटोप कशासाठी, हे ब्रिटिश एअरवेजच्या प्रकरणावरून कळते. २०१८ साली या कंपनीच्या संगणकांत हल्लेखोर शिरले ते माल-सेवा पुरवणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीच्या कर्मचाऱ्याचे प्रवेश-तपशील वापरून. आत गेल्यावर त्यांनी संकेतस्थळावरच्या एका आज्ञावलीत भर घातली आणि ग्राहक कार्डाचे जे आकडे टंकत होते त्यांची प्रत भलत्याच पत्त्यावर जाऊ लागली. सुमारे ४ लाख ३० हजार ग्राहक व कर्मचाऱ्यांची माहिती धोक्यात आली. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०२० मध्ये कंपनीला २ कोटी पौंड दंड केला. यात टॅग मॅनेजरचा हात नव्हता. पण बाहेरच्या माणसाला दिलेली किल्ली आणि पानावर चालणारी परकी आज्ञा, या दोन्ही गोष्टी इथे एकत्र आल्या होत्या.

यादी मागवली म्हणजे सगळे कळले, असे मात्र नाही. उत्तर लांब असेल तर ते पानापानांनी येते. पुढच्या पानाची खूण वाचायला प्रोग्राम विसरला तर अपुरी यादीही पुरीच दिसते. खात्यांची यादी मागितली की मागणाऱ्याला जी खाती दिसतात तेवढीच मिळतात. न दिसणाऱ्या कपाटांवरचे कागद त्यात येणार कुठून? शिवाय माणसांच्या परवानग्या वाचण्यासाठी प्रोग्रामला वेगळी संमती द्यावी लागते. ते योग्यच आहे, कारण कोणाकडे किल्ली आहे ही माहितीही चोराच्या कामाचीच.

आम्हांला सर्वांत खटकते ते वेगळेच. परवानगी कोणी दिली, कधी दिली, कशासाठी दिली, यांतले काहीही त्या नोंदीत नसते. तीन वर्षांपूर्वी दोन दिवसांच्या कामासाठी दिलेली किल्ली आणि काल नेमलेल्या माणसाची किल्ली यादीत अगदी सारखी दिसतात. वर्गात हा तक्ता करून पाहायचा असेल, तर शाळेची कपाटे आणि किल्ल्या घेऊन जरूर करावा. फक्त प्रत्येक भरलेल्या चौकोनात किल्ली दिल्याची तारीख आणि कारण लिहायला मुलांना सांगावे. किती चौकोनांपाशी त्यांची लेखणी अडते, ते मोजून ठेवावे.